मुद्देमाल क्रमांक चार

बेलापूरच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर,
माझी किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत होती.
लाखेचा ठिपका, दोऱ्याची गाठ, वर चिठ्ठी.
सरकारी वकिलांनी ती उंच धरली :
ही तुम्ही बनवली?
आपलं काम आपण ओळखतो.
तिसऱ्या दातावर माझी कानस जरा खोल जाते,
अंगठ्याचं जुनं दुखणं.
म्हटलं, हो. हरेश्वर बाबू पांचाळ,
वाशी, सेक्टर सतरा, बँकेबाहेर, बदामाच्या झाडाखाली.

ही किल्ली कुठल्याच कुलपात फिरली नाही.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटातला गाळा,
ब्याडगी मिरचीची पोती, गल्ल्यात दिवाळीची रोकड.
शेठने आदल्या गुरुवारीच कुलूप बदललेलं.
पाष्टे रात्री दीडला शटरपाशी वाकला,
किल्ली घातली, अर्धी गेली, अडली.
मग त्याला शिंक आली.
मिरचीच्या गल्लीत चोराने शिंकावं,
यावर कोर्टातला शिपाईसुद्धा हसला.
एकामागून एक सात. वॉचमन चहा टाकून धावला.

बचावाचे वकील म्हणाले, चोरी झालीच नाही,
होऊच शकत नव्हती,
चुकीची किल्ली म्हणजे नुसता पितळेचा तुकडा.
साहेबांनी चष्मा काढला.
कुलूप शेठने बदललं, म्हणाले,
ह्याचा हात तर बदलला नव्हता ना?

मी बाकावर बसून ऐकत राहिलो.
मनात आलेलं कायदा विचारत नाही.
मनात तर मीही एकदा भावाच्या घराचं दार...
असो.
किल्ली करून घेणं ही तयारी, तीही बहुतेक सुटते.
कुलपाला हात लागला की प्रयत्न.
म्हणजे बोटं आणि शटर यांच्यामध्ये
कुठेतरी उंबरठा आहे,
आणि तो घडवणारा लोहार कुणी पाहिलेला नाही.

मेहताजी ठोंबरे त्या रात्री कोपरखैरण्यात
नातीचा केक कापत होता.
शटरला त्याची सावलीही लागली नाही.
तो फक्त बोलला होता, पाष्टेशी, महिनाभर,
वजनकाट्यापाशी, हळू :
शेठ रोकड घरी नेत नाही.
शेठ नीट मोजतही नाही.
तुझ्या पोरीची फी किती रे?
वकील त्याला अपप्रेरणा म्हणाले.
आमच्याकडे फूस लावणं म्हणतात.
बोलण्याची पावती नसते, पण हिशेब निघतो.

आणि जनू म्हात्रे, टेम्पोवाला.
त्याने टेम्पो काढलाच नाही, झोप लागली म्हणे.
तिघं चहा पीत होते तेव्हा, शेवटच्या घोटाला,
तो एवढंच म्हणाला होता : बरं.
त्या एका शब्दावर वकील तासभर भांडले.
बरं म्हणजे ऐकलं?
बरं म्हणजे येतो?
बरं म्हणजे आता पुरे, मला जाऊ दे?
माझी बायको दिवसातून चाळीसदा म्हणते,
त्यातलं एकही होकाराचं नसतं.
पण कटाला म्हणे टेम्पो लागत नाही, रात्र लागत नाही,
दोन माणसांचं बरं एकमेकांत बसलं
की झालं. खाच आणि दात.

मग माझ्याकडे वळले.
साबणावरचा ठसा पाहून शंका नाही आली?
किल्ली हरवलेल्या माणसाकडे
ठसा कुठून येणार,
हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे.
ऐंशी रुपये झाले होते. पाष्टेने शंभराची नोट दिली.
मी वीस परत केले नाहीत.
त्याने मागितले नाहीत.
तेवढा वेळ आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

म्हटलं, नाही साहेब.
स्टेनोबाईंनी टाइप केलं,
टकटक, कानशीपेक्षा किती हलकी.

तो साबण पोलिसांना सापडला नाही.
त्याच संध्याकाळी, घरी, नळाखाली,
त्यानेच हात धुतले मी.
बोटांचं काळं निघेना म्हणून पुन्हा,
आणि पुन्हा,
ठसा गुळगुळीत होईपर्यंत.
तेव्हा अजून काहीच घडलेलं नव्हतं,
बरं का.